गुगलच्या सर्च ऑपरेटरने बॅकलिंक कुठे मिळतील ते कसं शोधायचं: मालवणच्या होमस्टेचं उदाहरण घेऊन

वेबसाईट झाली, फोटो टाकले, गुगल मॅपवर नाव आलं, तरी "मालवण होमस्टे" टाकलं की वरती सगळ्या मोठ्या बुकिंगवाल्या साईट दिसतात आणि आपलं नाव खाली कुठेतरी, असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी घरच्या होमस्टेची साईट स्वतःच सांभाळतो, एजन्सी वगैरे ठेवलेली नाही, आणि बॅकलिंकचं काम शिकताना मराठीत धड काहीच सापडलं नव्हतं. इंग्रजीत ढीगभर आहे पण त्यातली उदाहरणं अमेरिकेतल्या साईटची, आपल्याकडच्या पानांवर ती तशीच्या तशी चालत नाहीत.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साईटवरून आपल्या साईटकडे येणारी लिंक, एवढं बहुतेकांना माहीत असतं, आणि अशा चांगल्या लिंक असल्या की गुगलमध्ये वर यायला मदत होते. अशा लिंक देऊ शकतील अशी पानं शोधायला महागडे टूल लागतात असं सांगितलं जातं, पण सुरुवातीच्या वर्षभराचं काम साध्या गुगल सर्चवर होतं, फक्त सर्च नीट लिहायला यायला हवा. मी मालवणचं उदाहरण घेतलंय कारण तेच मला माहितीये, तुमचं पैठणीचं दुकान असेल, ट्रेकिंग ग्रुप असेल किंवा आंब्याची पेटी घरपोच देणारी साईट असेल तरी पायऱ्या त्याच.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऑपरेटर म्हणजे सर्च नेमका व्हावा म्हणून शब्दांबरोबर टाकायच्या खुणा, उदाहरणार्थ साईट: म्हणजे site: आणि ओआर म्हणजे OR. इथे मी ऑपरेटरची नावं देवनागरीत लिहिलीयेत, पण सर्चच्या चौकटीत ती इंग्रजी अक्षरांतच टाईप करायची, आणि तारखांचे आकडे पण इंग्रजीच टाकायचे. अवतरण चिन्हातले मराठी शब्द मात्र मराठीतच ठेवायचे.

काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. मोबाईलवर होतं पण दहा टॅब उघडून पानं तपासायची म्हणजे वैताग आहे.
- मराठी टायपिंगची सोय, गुगलचा कीबोर्ड चालेल.
- एक एक्सेल किंवा गुगल शीट. कॉलम एवढेच: पानाचा पत्ता, कुठल्या सर्चने सापडलं, लिंक त्या पानावर कुठे बसेल, कोणाला लिहायचं, मेल कधी पाठवला, उत्तर काय आलं.
- गुगल सर्च कन्सोलला (आपली साईट गुगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच टूल) जोडलेली तुमची साईट. फुकट आहे, अजून जोडली नसेल तर आजच जोडा.
- तुमच्या साईटवर एकतरी असं पान जे तुमच्या गिऱ्हाईक नसलेल्या माणसालाही उपयोगी पडेल. याबद्दल पहिल्याच पायरीत बोलतो.

१. आधी लिंक देण्यासारखं पान बनवा

"आमच्या खोल्या" आणि "दरपत्रक" या पानांना कोणी आपणहून लिंक देत नाही. प्रवासाबद्दल लिहिणारा माणूस लिंक देतो ती वाचकाचा प्रश्न सुटावा म्हणून, त्यामुळे मालवणला येणाऱ्याला काय प्रश्न पडतात ते आधी कागदावर काढा. कुडाळ किंवा कणकवली स्टेशनवर उतरल्यावर मालवणला कसं यायचं, रात्रीच्या गाडीने उतरलो तर काय मिळतं, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची होडी कुठून सुटते, पावसाळ्यात होडी आणि स्कूबा बंद असतं ते साधारण कधीपासून कधीपर्यंत, शाकाहारी माणसाने मालवणात काय खायचं. असं एक पान मन लावून लिहा, स्वतः काढलेले फोटो टाका, सीझन बदलला की माहिती बदला. हे पान नसेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या करून हातात फक्त पत्त्यांची यादी येईल आणि मेलमध्ये लिहायला काहीच नसेल.

२. ऑपरेटर थोडेच आहेत, नीट समजून घ्या

अवतरण चिन्ह: "राहण्याची सोय" असं लिहिलं की हेच शब्द याच क्रमाने असलेली पानं येतात. सगळ्यात जास्त उपयोग याचाच.

वजा: नको असलेल्या शब्दाच्या किंवा साईटच्या आधी हायफन, मध्ये स्पेस न देता. व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून कॉपी केलं तर कधीकधी हायफनच्या जागी लांब रेघ येते आणि मग ते काम करत नाही, तेव्हा हाताने टाईप करा.

साईट: एकाच वेबसाईटच्या आत शोधायला, किंवा साईट:जीओव्ही.इन असं लिहून सगळ्या सरकारी साईट धुंडाळायला. कोलननंतर स्पेस द्यायची नाही, हे सगळ्याच ऑपरेटरना लागू.

इनटायटल: पानाच्या शीर्षकात शब्द हवा असेल तर.

इनयूआरएल: पानाच्या पत्त्यात शब्द हवा असेल तर. मराठी साईटचे पत्ते बहुतेक वेळा रोमन अक्षरांत असतात किंवा टक्केवारीच्या खुणांची लांबलचक माळ असते, त्यामुळे इथे मराठी शब्द टाकण्यापेक्षा रोमन टाका.

ओआर: दोनपैकी कुठलाही शब्द चालेल असं सांगायला. कॅपिटल अक्षरांत लिहायचं, नाहीतर गुगल त्याला साधा शब्द समजतं.

फाईलटाईप:पीडीएफ फक्त पीडीएफ दाखवतं. आफ्टर: आणि बिफोर: तारखेनुसार गाळतात, हे दोन २०१९ मध्ये आले.

ऑल-इन-टायटल असाही एक आहे, पण तो दुसऱ्या ऑपरेटरबरोबर नीट नांदत नाही, नवीन माणसाने त्याच्या नादी लागू नये.

आता महत्त्वाचं. जुन्या लेखांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये लिंक: ऑपरेटर वापरून कोणाला कुठून लिंक आहेत ते बघा असं सांगतात. गुगलने तो २०१७ लाच सोडून दिलाय. पानाची गुगलने जपलेली प्रत दाखवणारा कॅशे: २०२४ मध्ये गेला. प्लसचं चिन्ह त्याच्याही आधी, २०११ ला गेलं. जो माणूस अजून हे शिकवतोय त्याने बऱ्याच वर्षांत स्वतः सर्च करून पाहिलेला नाही असं समजा आणि त्याचं बाकीचं पण जपून ऐका.

आणखी दोन मर्यादा लक्षात ठेवा. एका सर्चमध्ये गुगल ३२ शब्दांपर्यंतच बघतं, त्यापुढचं सोडून देतं, त्यामुळे वीस साईट वजा करायच्या भानगडीत पडू नका. आणि निकालांचा जो आकडा दिसतो तो अंदाज असतो, त्यावरून "एवढ्या संधी आहेत" असा हिशोब मांडू नका.

३. समोरच्याचे शब्द पकडा, आणि मराठीची गंमत समजून घ्या

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण धंद्यात असल्यामुळे "होमस्टे" म्हणतो. प्रवासाहून परत येऊन लिहिणारा माणूस काय लिहितो? "मालवणला मुक्काम केला", "एका घरगुती ठिकाणी उतरलो", "राहण्याची आणि जेवणाची उत्तम सोय", "काकूंच्या हातचं घरगुती जेवण". म्हणजे सर्चमध्ये तुमचे शब्द टाकले तर तुमच्यासारखेच धंदेवाले सापडणार, आणि प्रवाशाचे शब्द टाकले तर लिहिणारे सापडणार. आपल्याला लिहिणारे हवेत. म्हणून सर्च टाईप करायच्या आधी डोळे मिटून विचार करा की ज्या पानावर माझी लिंक शोभेल त्या पानावर कुठलं वाक्य लिहिलेलं असेल, आणि ते वाक्य अवतरण चिन्हात टाका.

उदाहरणार्थ

"मालवणला मुक्काम" ओआर "तारकर्लीला मुक्काम"

"राहण्याची सोय" मालवण किल्ला होडी

"घरगुती जेवण" देवबाग

दुसऱ्या सर्चमध्ये मालवण, किल्ला, होडी हे सुटे ठेवलेत कारण ते पानावर कुठेही असले तरी चालणार आहेत, सोयीचं वाक्य तेवढं जसंच्या तसं हवं.

आता मराठीचा पेच. आपण प्रत्यय शब्दाला जोडून लिहितो. मालवणला, मालवणमध्ये, मालवणात, मालवणहून, मालवणच्या. अवतरण चिन्हात फक्त "मालवण" टाकलं तर यातली कितीतरी पानं निसटू शकतात. इंग्रजीतल्या गाईडमध्ये हा प्रश्नच नसतो त्यामुळे त्यावर कोणी बोलत नाही. उपाय सोपा आहे, गावाचं नाव अवतरणाबाहेर ठेवा, किंवा दोनतीन रूपं ओआर घालून एकत्र टाका.

शुद्धलेखन पण तसंच. होमस्टे आणि होम स्टे, सिंधुदुर्ग आणि सिंधूदुर्ग, स्कूबा आणि स्कुबा. लोक जे लिहितात ते लिहितात, आपल्याला व्याकरण तपासायचं नाहीये, पानं शोधायची आहेत, तेव्हा चुकीची रूपं पण टाकून बघा. "किनाऱ्यावर" या शब्दातला अर्धा र कीबोर्डनुसार दोन वेगवेगळ्या पद्धतीने साठवला जातो, दिसायला सारखाच दिसतो पण कॉम्प्युटरला वेगळा, म्हणून असे शब्द अवतरण चिन्हात टाकायचं शक्यतो टाळा.

पुणे, मुंबई, बंगळूरचे बायकर आणि परदेशातली आपली मंडळी बऱ्याचदा इंग्रजीत लिहितात, तिथे मालवण व्ही घालून आणि डब्ल्यू घालून दोन्ही लिहितात, देवबागच्या स्पेलिंगमध्ये कोणी यू घालतं कोणी नाही. हे सगळे सर्च इंग्रजीत वेगळे करा.

एक तयार तुकडा नोटपॅडमध्ये ठेवून द्या जो दरवेळी शेवटी चिकटवता येईल: -साईट:बुकिंग.कॉम -साईट:मेकमायट्रिप.कॉम -साईट:फेसबुक.कॉम -साईट:इन्स्टाग्राम.कॉम -साईट:यूट्यूब.कॉम. मोठा कचरा एवढ्यानेच निघतो.

४. सगळ्यात सोपी लिंक: जिथे तुमचं नाव आधीच आहे

"तुमच्या होमस्टेचं नाव" -साईट:तुमचीसाईट.कॉम

एवढा एक सर्च आधी करा. तुमच्याकडे राहून गेलेल्या कोणीतरी लिहिलेलं असतं, नाव दिलेलं असतं पण लिंक दिलेली नसते. अशा माणसाला मेल लिहिणं सोपं, तो तुम्हाला ओळखतो, तुमच्या घरचं जेवलाय. नावाची वेगवेगळी रूपं, आईचं किंवा वडिलांचं नाव आणि गाव, घराच्या वाडीचं नाव, असं पण टाकून बघा कारण पाहुण्यांना होमस्टेचं नाव आठवत नाही पण "अमुक काकांकडे उतरलो होतो" हे पक्कं आठवतं.

तुमच्या फोटोंचं पण बघा. चांगला फोटो असेल तर तो कुठेतरी उचललेला असतो, गुगल लेन्सला फोटो दिला की कुठल्या पानांवर आहे ते दिसतं, तिथे भांडण न करता "फोटो राहू द्या, खाली आमच्या पानाची लिंक द्या" एवढं म्हटलं की पुष्कळदा काम होतं.

५. माहितीच्या आणि दुव्यांच्या याद्या

काही पानं असतातच दुसरीकडे पाठवण्यासाठी. मराठीत ती कुठल्या नावाने असतात ते माहीत हवं: "उपयुक्त दुवे", "महत्त्वाचे दुवे", "संबंधित संकेतस्थळे", "उपयुक्त संकेतस्थळे".

इनटायटल:"उपयुक्त दुवे" कोकण

"उपयुक्त संकेतस्थळे" ओआर "महत्त्वाचे दुवे" पर्यटन सिंधुदुर्ग

साईट:जीओव्ही.इन सिंधुदुर्ग पर्यटन निवास

सरकारी पानावर खाजगी होमस्टेची लिंक मिळणं सोपं नसतं, तिथे नोंदणी, अर्ज असं सगळं येतं. एमटीडीसीकडे किंवा पर्यटन विभागाकडे तुमची रीतसर नोंदणी असेल तर मात्र यादीत नाव आणि वेबसाईट बरोबर आहे का ते नक्की तपासा, कारण जुनाच मोबाईल नंबर आणि बंद पडलेली वेबसाईट छापलेली असते आणि वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या साईट पण बघा. डिसेंबरच्या सुट्टीत गावाकडे येणारी कुटुंबं असतात, मुलांना कोकण दाखवायचं असतं. अशा साईटवर "प्रवास" किंवा "उपयुक्त माहिती" असं पान सापडलं तर स्टेशन आणि विमानतळावरून मालवणला कसं यायचं हे तुमचं पान तिथे खरंच कामाचं आहे. चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला, त्याच्या आधी लिहिलेल्या पानांवर त्याचा उल्लेखच नसतो, तेवढं कळवलंत तरी बोलणं सुरू होतं.

६. लेख मागवणाऱ्या जागा

इंग्रजीत "राईट फॉर अस" हे वाक्य शोधतात. मराठीत त्याचं शब्दशः भाषांतर टाकून फार काही मिळत नाही. आपल्याकडे लिहितात "आपले लेख पाठवा", "साहित्य पाठवा", "लेख पाठवण्याचे आवाहन", "अंकासाठी लेख".

"लेख पाठवा" ओआर "साहित्य पाठवा" पर्यटन ओआर भटकंती

"दिवाळी अंक" "साहित्य पाठवा" आफ्टर:२०२५-०४-०१

ऑनलाईन दिवाळी अंक ही आपली खास संधी आहे. आवाहनं दिवाळीच्या कितीतरी महिने आधी निघतात, तारखेचा ऑपरेटर लावला नाही तर दहा वर्षांपूर्वीची आवाहनं वर येतात. पण लेख पाठवायचा तर लेखच पाठवा. दशावतारावर लिहा, आंगणेवाडीच्या जत्रेत गर्दीच्या दिवशी गावात काय चालतं ते लिहा, रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी) लिहा. लेखकाच्या परिचयात साईटचं नाव येतं तेवढं पुरे. लेखात मध्येच "मालवण मधील स्वस्त होमस्टे" अशी लिंक घुसवली तर संपादक लेख परत पाठवतील आणि ते बरोबरच करतील.

७. ताज्या विषयावर लिहिलेली पानं

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात सिंधुदुर्ग आहे आणि विजयदुर्ग पण आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातले दोन. तेव्हापासून या किल्ल्यांवर नव्याने खूप लिहिलं गेलंय, आणि त्यातल्या बऱ्याच लेखांत इतिहास भरपूर असतो पण किल्ल्यावर जायचं कसं याची एक ओळ.

"सिंधुदुर्ग किल्ला" "जागतिक वारसा" आफ्टर:२०२५-०७-११

याला वरचा वजाबाकीचा तुकडा जोडा, आणि मोठी वर्तमानपत्रं पण वजा करा कारण बातमीत नंतर कोणी लिंक घालत नाही. मग उरतात ब्लॉग, शाळा कॉलेजांची पानं, ट्रेकिंग संस्था, इतिहासप्रेमी मंडळी. अशा पानाखाली "होडीची माहिती इथे बघा" ही लिंक अगदी नैसर्गिक वाटते. तारीख गुगलला जशी कळते तशी असते, जुना लेख नुसता अपडेट केला असेल तरी तो नवीन म्हणून येऊ शकतो, उघडून बघितल्याशिवाय शीटमध्ये भरू नका.

८. मोडक्या लिंक

मराठी ब्लॉग २००७-०८ नंतरच्या काही वर्षांत जोरात होते आणि त्या काळात प्रवासावर फार छान लिहिलं गेलंय, अजूनही लोक ते वाचतात. पण त्यात दिलेल्या लिंक मेल्यात.

साईट:ब्लॉगस्पॉट.कॉम मालवण तारकर्ली "राहण्याची सोय" बिफोर:२०१६-०१-०१

पान उघडा, त्यातल्या बाहेर जाणाऱ्या लिंक एकेक दाबून बघा, ब्राउझरला लिंक तपासणारं एखादं फुकट एक्स्टेन्शन असेल तर तेच लाल करून दाखवतं. मेलेली लिंक सापडली की तिचा पत्ता वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या साईटवर टाका म्हणजे तिथे पूर्वी काय होतं ते कळेल, आणि तीच माहिती तुमच्या साईटवर ताजी करून असेल तरच पुढे जा. ब्लॉगवाल्याची शेवटची पोस्ट कधीची आहे ते पण बघा, बारा वर्षं कोणी फिरकलं नसेल तर मेल वाया जाणार.

शेजारच्या होमस्टेचं नाव चौथ्या पायरीतल्या पद्धतीने टाकूनही चांगली पानं सापडतात, जो एकाची लिंक देतो तो दुसऱ्याचीही देऊ शकतो. पण "त्यांचं काढा आणि आमचं लावा" असं कधीही लिहू नका, गावात राहायचंय.

पीडीएफचं थोडक्यात. फाईलटाईप:पीडीएफ लावून कॉलेजांची सहलपत्रकं, प्रकल्प अहवाल सापडतात, संपर्कासाठी कामाचे. जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, त्या मराठी शब्दाने सापडत नाहीत, तिथे रोमनमध्ये गावाचं नाव टाकून बघा.

९. सापडलेलं पान घ्यायचं की सोडायचं

एवढं तपासा. साईट:त्यांचीसाईट.कॉम टाकल्यावर गुगलमध्ये पानं दिसतायत का. एकच पान नाही आलं तर गडबड आहे. लेख माणसाने लिहिल्यासारखा वाटतो का. त्याच साईटवर कसिनो, लोन, औषधं असल्या लिंक आहेत का, हे बघायला साईट:त्यांचीसाईट.कॉम कसिनो ओआर लोन असा सर्च करा, इंग्रजीत पण करा. प्रत्येक लेखातून पाचसहा धंद्यांना लिंक जात असतील तर ती साईट लिंक विकते, सोडा.

लिंकवर राईट क्लिक करून इन्स्पेक्ट केलं की रेल नावाचा भाग दिसतो. तिथे नोफॉलो, स्पॉन्सर्ड किंवा यूजीसी (म्हणजे वाचकांनी टाकलेला मजकूर) लिहिलेलं असेल तर रँकिंगसाठी तिचा भरवसा धरू नका. तरीही मी अशी लिंक नाकारत नाही, भटकंतीच्या चांगल्या पानावरून खरे पाहुणे येतात आणि शेवटी खोली भरायची तर पाहुणाच लागतो.

१०. मेल कसा लिहायचा

संपर्क सापडत नसेल तर साईट:त्यांचीसाईट.कॉम "संपर्क" करा. मेल छोटा, मराठी ब्लॉगला मराठीतच, आणि त्यांचं पान वाचल्याचं दिसलं पाहिजे. मी साधारण असा लिहितो:

"नमस्कार ताई, तुमचा तारकर्ली सहलीचा लेख वाचला, देवबागच्या संगमावर संध्याकाळी थांबा असं तुम्ही लिहिलंय ते अगदी पटलं. लेखात किल्ल्याच्या होडीच्या माहितीसाठी दिलेली लिंक आता उघडत नाही. आम्ही मालवणातच राहतो, होडी कुठून सुटते, पावसाळ्यात कधी बंद असते हे सगळं एका पानावर लिहून ठेवलंय आणि दर सीझनला बदलतो. पत्ता खाली देतोय, वाचकांना उपयोगी वाटला तर त्या जागी देता येईल. नाही दिलात तरी हरकत नाही, लिंक बंद आहे हे कळावं म्हणूनही लिहिलं."

उत्तर नाही आलं तर आठदहा दिवसांनी एकदा आठवण, त्यापुढे गप्प बसायचं. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका, मराठी लिहिणाऱ्यांचं जग लहान आहे, एकमेकांत बोलतात.

११. या खड्ड्यांत पडू नका

"पाच हजारात पाचशे बॅकलिंक" असे मेसेज येतात, घेऊ नका. पैसे देऊन रँकिंगसाठी घेतलेल्या लिंक, ढिगाने केलेली लिंकची अदलाबदल, एकाच मजकुराच्या गेस्ट पोस्ट (दुसऱ्याच्या साईटवर दिलेले लेख) हे गुगलच्या स्पॅम नियमांत सरळसरळ बसतं, आणि एप्रिल २०१२ मध्ये गुगलने क्रमवारीच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल (अपडेट) आणला तो अशाच लिंकसाठी.

लिंकचे शब्द समोरच्याला ठरवू द्या. प्रत्येक ठिकाणी "बेस्ट होमस्टे इन मालवण" हेच शब्द आले तर ते बनवलेलं आहे हे कोणालाही कळतं. ऑपरेटर वापरून कॉमेंट करता येणारी पानं शोधायची आणि सगळीकडे लिंक चिकटवत सुटायचं, असंही काहीजण शिकवतात, त्याने फक्त नाव खराब होतं.

ऑपरेटरचे सर्च भराभर केले की गुगल "तुम्ही रोबो नाही ना" विचारायला लागतं, घाबरू नका, चित्रं ओळखा आणि जरा थांबा. सर्च आपोआप करणारी सॉफ्टवेअर मात्र वापरू नका, गुगलच्या नियमात ते चालत नाही.

अवतरण चिन्हातला शब्द पानावर दिसला नाही तर ऑपरेटर बिघडला असं समजू नका. तो फोटोच्या वर्णनात किंवा पानाच्या पत्त्यात असू शकतो.

१२. नंतर लक्ष कसं ठेवायचं

गुगल अलर्ट्सवर तुमच्या होमस्टेचं नाव, आणि मालवण "राहण्याची सोय" असे दोनतीन सर्च लावून ठेवा, नवीन पान आलं की मेल येतो. सर्च कन्सोलमध्ये लिंक्सचा रिपोर्ट महिन्यातून एकदा उघडा, तिथे बाहेरच्या कुठल्या साईटवरून लिंक आल्या ते दिसतं, पण लगेच दिसत नाही, लिंक मिळाल्यावर काही आठवडे सुद्धा जातात. डिसअव्हाव नावाचं टूल सापडेल, नको त्या लिंक नाकारण्यासाठीचं, त्याला हात लावायची गरज नवीन साईटला शक्यतो पडत नाही.

पाऊस सुरू झाला की होडी आणि स्कूबा बंद, पाहुणे कमी, तेव्हा हे काम काढायला बरं पडतं. सप्टेंबरपासून लोक दिवाळीच्या सुट्टीचं ठरवायला लागतात, त्याच्या आत पहिली वीसपंचवीस पानं शीटमध्ये आणि मेल गेलेले असले पाहिजेत. चौथ्या पायरीपासून सुरू करा, ती आज रात्री बसलात तरी होईल.